मेलबर्नहून बीचवर्थला एकट्याने गाडी नेऊन त्याच दिवशी परत येता येईल का?

येता येईल, पण एक रात्र तिथेच काढा. अंतर एका बाजूने साधारण 280 किलोमीटर, म्हणजे सव्वातीन तास; दोन्ही वेळचं ड्रायव्हिंग एकट्याच्याच अंगावर पडतं. मी मेलबर्नला राहतो आणि दोनदा असाच एकटा गेलोय. ह्यूम फ्रीवे सरळ, 110 च्या वेगाचा आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा. डुलकी लागते ती इथेच, म्हणून दर दोन तासांनी थांबाच. वाटेतल्या वांगरट्टा शहरानंतरचा 35-एक किलोमीटरचा रस्ता साधा दुपदरी आहे. सूर्य कलल्यावर कांगारू आडवे येतात ते तिथे. परतीचा घोळ होतो तो यामुळेच.

गावात काय बघायचं ते थोडक्यात:
- जुनं कोर्ट. नेड केली या दरोडेखोराची प्राथमिक सुनावणी 1880 मध्ये इथे झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेलबर्नला त्याला फाशी दिली.
- दफनभूमीतला चिनी भाग. 1852 मध्ये इथे सोनं सापडलं, त्यामागोमाग आलेल्या चिनी खाणकामगारांच्या कबरी आणि कागदी नैवेद्य जाळायचे दोन मनोरे. बहुतेक लोक हे चुकवतात. माझ्या मते गावातली सगळ्यात बघण्यासारखी जागा हीच.
- बेकरी. रांग असते, तरी लागा.

मुक्काम जमतच नसेल तर पहाटे सहाला निघा आणि दुपारी दोनला गाव सोडा. जून-जुलैत मात्र हेही ताणून धरू नका, पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.