अमेरिकन कायदेतज्ज्ञ रॉस्को पाउंड यांच्याकडे कायद्याची पदवीच नव्हती, हे खरं आहे का?

हो, मानद पदव्या सोडल्या तर नव्हतीच. १९१६ ते १९३६ अशी वीस वर्षं हार्वर्ड लॉ स्कूलचे डीन राहिलेल्या या माणसाने तिथं विद्यार्थी म्हणून जेमतेम एक वर्ष काढलं होतं. पीएचडी होती ती नेब्रास्का विद्यापीठाची, तीही वनस्पतिशास्त्रात! एका बुरशीला 'रॉस्कोपाउंडिया' असं नावसुद्धा मिळालंय.

आपल्याकडे एलएलबीची मुलं ज्युरिसप्रुडन्सच्या (कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या) पेपरात पाउंड यांच्या 'सोशल इंजिनिअरिंग'वर, म्हणजे कायद्याने समाजातल्या परस्परविरोधी हितांचा मेळ घालावा या कल्पनेवर, टीप खरडून मोकळी होतात. माझ्या मते आधी वाचावं ते त्यांचं १९०६ चं अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातलं भाषण. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या अधिवेशनात, वकिलांच्या तोंडावर ते म्हणाले की कोर्टात खटला खेळासारखा चालतो; न्यायाधीश पंच होऊन नियम पाळले का एवढंच बघतो, न्याय राहतो बाजूला. जुनी खोडं भडकली, पण अमेरिकेतल्या न्यायालयीन सुधारणांची चर्चा आजही तिथूनच सुरू होते. १९१० मध्ये पुस्तकातला कायदा आणि प्रत्यक्षातला कायदा हा फरकही त्यांनीच मांडला.

डाग आहेच. १९३४ मध्ये, हिटलर सत्तेवर असताना, त्यांनी बर्लिन विद्यापीठाची मानद पदवी स्वीकारली, आणि तीही जर्मन राजदूताच्या हातून.