इवलासा व्हायरस, उसने हिस्टोन: वाचकांचे प्रश्न

व्हायरसचा डीएनए तर नुसताच असतो ना, त्याला कसलं आलंय क्रोमॅटिन (हिस्टोन नावाच्या प्रोटीनवर गुंडाळलेला डीएनए)?

सगळ्यांचा तसा नसतो हो. एसव्ही४० घ्या, माकडांमधला पॉलिओमाव्हायरस. गोल डीएनए, जेमतेम ५,२४३ बेसपेअरचा (म्हणजे अक्षरजोड्यांचा), आणि त्यावर साधारण दोन डझन न्यूक्लिओसोम (हिस्टोनच्या गोळ्याभोवती डीएनएचे वेढे), अगदी आपल्या क्रोमोसोमवर असतात तसेच. म्हणून त्याला मिनिक्रोमोसोम म्हणतात. आणि ह्याच्याकडे हिस्टोनचा एकही जीन नाही, सगळे हिस्टोन होस्ट पेशीचे! नवा व्हायरस कण बाहेर पडतो तोही ते सोबत घेऊनच, फक्त एच१ हा एक हिस्टोन मागे राहतो.

डीएनए एवढा गुंडाळलेला असेल तर रेप्लिकेशन (डीएनएची कॉपी काढणं) सुरू कुठून होतं?

ओरिजिनपाशी, म्हणजे कॉपी जिथून सुरू होते त्या ठरावीक जागी. बऱ्याच मिनिक्रोमोसोमवर तेवढा पट्टा न्यूक्लिओसोमशिवाय मोकळा दिसतो, तिथे व्हायरसचा लार्ज टी अँटिजेन (त्याचं एक प्रोटीन) बसतो, सहा-सहाच्या दोन कड्या करतो आणि हेलिकेज (डीएनएचे दोन धागे सोडवणारं एन्झाइम) म्हणून दोन्ही बाजूंना डीएनए उलगडत सुटतो. पुढचं सगळं काम पेशीच्या प्रोटीनचं, म्हणजे नवा डीएनए बनवणारे पॉलिमरेज अल्फा-प्रायमेज आणि डेल्टा, त्यांना मदत करणारा पीसीएनए, पीळ सोडवणारा टोपोआयसोमरेज वगैरे. फोर्क (डीएनए उलगडून दोन फाटे होतात ती जागा) येतो तसे वाटेतले न्यूक्लिओसोम सुटतात, जुने हिस्टोन दोन्ही नव्या प्रतींवर वाटले जातात, उरलेल्या जागा नव्या हिस्टोननी भरतात. ही भरणी करणारा कॅफ-१ (एक प्रोटीन-समूह) आपल्याच पेशीतला, पण तो सापडला एसव्ही४०च्या रेप्लिकेशनवर प्रयोग करताना, स्मिथ आणि स्टिलमन या संशोधकांना, १९८९ साली.

माकडाच्या व्हायरसवर एवढा वेळ घालवायचा कशाला?

कारण तो स्वतःचं असं फार काही आणतच नाही! १९८४ ला ली आणि केली या संशोधकांनी हे रेप्लिकेशन टेस्ट ट्यूबमध्ये करून दाखवलं, व्हायरसचा ओरिजिन, टी अँटिजेन आणि पेशीचा अर्क, बस्स. मग अर्कातली एकेक प्रोटीन वेगळी काढत गेले आणि आरपीए, आरएफसी अशी आपलीच डीएनए कॉपी करायची मशिनरी हाती लागली. पण एक सांगतो, हा आपल्या क्रोमोसोमची झेरॉक्स नाही. आपल्या पेशीत लीडिंग स्ट्रँड (सलग बनत जाणारा नवा धागा) मुख्यतः पॉलिमरेज एप्सिलॉन बनवतो, एसव्ही४० त्याच्याशिवाय भागवतो. आणि आपला डीएनए पेशी-विभाजनाच्या एका सायकलमध्ये एकदाच कॉपी होतो, टी अँटिजेन असले नियम पाळत नाही, वर आरबी आणि पी५३ या पेशीला ब्रेक लावणाऱ्या प्रोटीनना धरून बसतो म्हणजे पेशी एस-फेजमध्ये (डीएनए कॉपी करण्याच्या टप्प्यात) ढकलली जाते. (पी५३ सापडलं तेसुद्धा १९७९ साली, टी अँटिजेनला चिकटलेलं.)

हिपॅटायटिस बीचंही असंच का?

अर्धंच. त्याचा ३.२ किलोबेसचा (सुमारे ३,२०० बेसपेअर) सीसीसीडीएनए, म्हणजे बंद गोल डीएनए, न्यूक्लियसमध्ये होस्टच्या हिस्टोनवर बसतो, इथपर्यंत सेम. पण पुढे तो आरएनए बनवतो आणि त्यावरून रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शनने नवा डीएनए. नेहमीच्या गोळ्या नेमकी तीच पायरी अडवतात, मिनिक्रोमोसोमला हातच लावत नाहीत, म्हणून तर गोळी बंद केली की व्हायरस पुष्कळदा परत डोकं वर काढतो. तेव्हा डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.