वाचकांचे प्रश्न : पहिला नायट्रो ट्रक निवडताना

प्रश्न : माझी मुलगी यंदा नववीत आहे. मिक्सरची जळालेली मोटर, जुनी सायकल, शेतावरचा पंप असे काहीही उघडून पुन्हा जोडण्याची तिला मनापासून आवड आहे. तिचा मामा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो आणि डिसेंबरात तो घरी येणार आहे. येताना खऱ्या इंजिनावर चालणारा रिमोटचा ट्रक आण, असा हट्ट तिने त्याच्याकडे धरला आहे. मामाने ट्रॅक्सस कंपनीच्या तीन गाड्यांची नावे कळवली आहेत : रेव्हो ३.३, टी-मॅक्स ३.३ आणि नायट्रो रस्टलर. आमच्या घराजवळ मुरमाचे मोकळे मैदान आहे. यांपैकी कोणता ट्रक घ्यावा, आणि मुळात तो घ्यावा का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो. मुलीला केवळ वेगाची हौस असती, तर मी विजेवर चालणारा ट्रक सुचवला असता. ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरी यांवर धावणारे आजचे ट्रक वेगात नायट्रोला, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणाऱ्या ट्रकला, मागे टाकतात, आवाज करत नाहीत आणि बटण दाबताच निघतात. नायट्रो ट्रक घेण्याचे एकमेव सबळ कारण म्हणजे त्यातले इंजिन, आणि जी मुलगी पंप उघडून बसते तिच्यासाठी ते कारण पुरेसे आहे. दर अर्ध्या तासाच्या धावण्यामागे जवळजवळ तेवढाच वेळ साफसफाई आणि जुळवणी यांना द्यावा लागतो. हा वेळ जिला आनंदाचा वाटेल, तिनेच हा छंद धरावा. आपल्या पत्रावरून तरी तिला तो तसा वाटेल असे दिसते.

आता निवडीकडे वळू. बहुतेक जण आधी ट्रक ठरवतात आणि इंधनाची चौकशी मागाहून करतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, हा क्रम उलटा असावा : आधी इंधन, मग सुटे भाग आणि शेवटी ट्रक. या इंजिनात पेट्रोल चालत नाही. त्याचे इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचे तेल यांचे मिश्रण असते, आणि ट्रकसाठी साधारण २० टक्के नायट्रोमिथेन असलेले मिश्रण सर्रास वापरले जाते. मोटारसायकलप्रमाणे इथे ठिणगी टाकणारा स्पार्क प्लग नसतो. त्याच्या जागी ग्लो प्लग असतो आणि त्यात प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरुवातीला ते वेटोळे सुमारे दीड व्होल्टच्या बॅटरीने तापवून लाल करतात, आणि एकदा इंजिन सुरू झाले की मिथेनॉल व प्लॅटिनम यांच्यातील रासायनिक क्रियेमुळे व ज्वलनाच्या उष्णतेमुळे ते बॅटरीवाचूनही तापलेले राहते. पेट्रोलच्या बाबतीत ही क्रिया घडत नाही. शिवाय इंजिनाला वेगळे वंगण नसते, जे तेल मिळते ते इंधनातूनच मिळते, त्यामुळे चुकीचे इंधन घातले तर नवे इंजिन पहिल्याच दिवशी निकामी होऊ शकते. विमानांच्या मॉडेलसाठी विकले जाणारे इंधन दिसायला सारखे असले, तरी त्यातील नायट्रोमिथेनचे आणि तेलाचे प्रमाण वेगळे असते. त्यामुळे दुकानदाराला ट्रकचे इंधन असे स्पष्ट सांगूनच मागावे.

हे इंधन विमानातून आणता येत नाही, हातातल्या सामानातही नाही आणि तपासणीला दिलेल्या बॅगेतही नाही, आणि ज्वालाग्राही म्हणून सामान्य कुरिअरही ते स्वीकारत नाही. म्हणून मामाने ट्रक विकत घेण्यापूर्वी आपण पुण्या-मुंबईतल्या दोन-तीन हॉबी दुकानांना फोन करून, वर्षभर नियमित इंधन मिळेल का, हे विचारून घ्यावे. रेव्होची टाकी सुमारे १५० मिलिलिटरची असते आणि एका टाकीत ट्रक साधारण दहा मिनिटे धावतो. म्हणजे एक लिटर इंधनात जेमतेम एक तास खेळ होतो. या हिशेबाने महिन्याला किती लिटर लागेल ते ठरवावे, आणि खात्रीचे उत्तर मिळाले नाही तर नायट्रोचा विचार सोडून द्यावा. रसायनांच्या दुकानातून घटक आणून घरी मिश्रण करण्याचा मार्ग कोणी सुचवला, तर तो कृपया मनातही आणू नये.

मिथेनॉल हे विष आहे, आणि यात मी जराही अतिशयोक्ती करत नाही. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसांचा जीव घेतला, त्या दारूत हेच मिथेनॉल होते. पोटात गेलेली थोडी मात्राही डोळे कायमचे घालवू शकते. इंधनाचा डबा कुलपात, मूळ झाकणासह आणि मूळ लेबलासह ठेवावा, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तो कधीही ओतू नये, टाकी भरताना हातमोजे वापरावेत आणि प्रत्येक वेळी घरातले मोठे माणूस जवळ असावे. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे गरम इंजिनाशेजारी इंधन सांडले तर ‘आग दिसत नाही, म्हणजे लागलेली नाही’ असे समजू नये. इंजिन बंद खोलीत किंवा जिन्याखाली सुरू करू नये.

इंधनाची सोय झाली, तर तीन नावांचा निवाडा फारसा अवघड नाही. नायट्रो रस्टलर हा दोन चाकांनी ओढणारा, जमिनीलगतचा स्टेडियम ट्रक असून त्यात २.५ सीसीचे इंजिन असते. त्याची रचना साधी आहे आणि शिकणाऱ्याला उलगडायला सोपी आहे. आपल्याकडे क्रिकेटचे सपाट मैदान असते तर मी बेधडक तोच सांगितला असता. मुरमावर मात्र त्याची चाके जागीच फिरतील आणि पोट सारखे खड्यांवर घासत राहील. टी-मॅक्स १९९९ मध्ये बाजारात आला आणि रेव्हो २००४ मध्ये. ३.३ या आवृत्तीत दोघांचेही इंजिन ३.३ सीसीचे आहे, दोघांचीही चारही चाके ओढतात आणि दोघांनाही बॅटरीच्या हातयंत्राने सुरू करण्याची सोय आहे. टी-मॅक्सला प्रत्येक चाकापाशी दोन याप्रमाणे आठ शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात. रेव्होत ते चारच असून चासीवर जवळजवळ आडवे बसवलेले असतात, आणि चाकाची हालचाल दांड्यांमार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचते. दगडगोट्यांच्या जागेवर रेव्हो अधिक स्थिर धावतो आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधले तेल बदलण्याचे कामही निम्मे होते. माझे मत रेव्होच्या बाजूने आहे.

सुरू करण्याच्या सोयीबद्दल थोडे अधिक सांगतो, कारण नवख्याचा उत्साह बहुधा इथेच संपतो. काही ट्रकना दोरी ओढून सुरू करावे लागते, आणि स्पर्धेच्या अनेक गाड्यांना तर गाडी वर ठेवून इंजिन सुरू करायची वेगळी पेटीच लागते. पहिल्या ट्रकसाठी विजेवर सुरू होणारे इंजिन घ्यावे. इंजिनात इंधन जास्त साचले असेल तर पिस्टन अडतो, आणि तशा वेळी जोर लावला की दोरी तुटते किंवा आतला दांडा वाकतो. यंत्र अडले तर ग्लो प्लग काढून ट्रक उलटा करावा आणि साचलेले इंधन बाहेर काढावे, एवढे मुलीला पहिल्या दिवशीच शिकवून ठेवावे. मामाला एक सूचना जरूर द्यावी : अमेरिकेतील चार्जर बहुधा १२० व्होल्टचा असतो. त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले नसेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नये आणि चार्जर इथेच घ्यावा. ट्रक कोरा, इंधन न घातलेला असावा. सोबत पाच-सहा ग्लो प्लग, हवेच्या गाळणीचे दोन-तीन जादा स्पंज, गाळणीचे तेल, क्लचची बेअरिंग आणि चाकांपाशी मोडणारे प्लास्टिकचे हात एवढे सुटे भाग आणले, तर पहिले वर्ष निभावेल.

ट्रक घरी आल्यावर खरी परीक्षा पहिल्या पाच टाक्यांची असते. या इंजिनाची स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी, वरच्या टोकाकडे किंचित निमुळती असते, त्यामुळे थंड असताना पिस्टन तिथे घट्ट बसतो आणि इंजिन गरम झाल्यावर स्लीव्ह फुगून दोघांची जोडी जुळते. पहिल्या पाच टाक्या दाट मिश्रणावर, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त ठेवून, मधूनमधून थांबत चालवायच्या असतात. या काळात इंजिन धूर सोडते, रखडते, बंद पडते, आणि पाहणाऱ्याला ते बिघडल्यासारखे वाटते. ते बिघडलेले नसते. डिसेंबरातल्या गार सकाळी सुरू करण्यापूर्वी हेअर ड्रायरने इंजिनाचे डोके गरम करावे, म्हणजे घट्ट स्लीव्हमध्ये पिस्टनवर आणि त्याच्या दांड्यावर नाहक ताण येत नाही. या टप्प्यात घाई केलेले इंजिन पुढे कितीही जपले तरी पूर्ववत होत नाही.

त्यानंतर कार्ब्युरेटरच्या सुया जुळवायच्या. सुई आत फिरवली की इंधन कमी होते, बाहेर फिरवली की वाढते, आणि एका वेळी घड्याळाच्या तबकडीवरील एका तासाच्या अंतराहून जास्त ती फिरवू नये. मिश्रण विरळ केले की ट्रक जोरात पळतो आणि मनाला भुरळ पडते, पण इंधन घटते तसे वंगणही घटते आणि इंजिन तापून जखडते. पूर्ण वेगातही निळसर धुराची बारीक रेघ मागे दिसलीच पाहिजे. इंजिनाच्या डोक्याचे तापमान १०० ते १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. तापमापक नसेल तर पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा : तो तीन-चार सेकंद उकळत आटला तर ठीक, पडताक्षणी उडून गेला तर ट्रक तिथेच थांबवावा. कऱ्हाडला जुळवलेला ट्रक महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटर उंचीवर नेला, तर विरळ हवेमुळे मिश्रण आपोआप दाट होते आणि सुई पुन्हा जुळवावी लागते. ऋतू बदलला तरी हेच करावे लागते.

मुरमाच्या धुळीकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे. माझ्या पहिल्या ट्रकचे इंजिन एका उन्हाळ्यात संपले, आणि उघडून पाहिले तेव्हा स्लीव्हवर उभ्या ओरखड्यांची जाळी झालेली होती. स्पंज दोन महिने धुतलेला नव्हता. तेव्हापासून खेळाच्या प्रत्येक दिवसानंतर स्पंज धुऊन, वाळवून, तेलात मुरवून पिळून लावल्याशिवाय मी ट्रक जागेवर ठेवत नाही. त्याच वेळी टाकी रिकामी करून, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून, कार्ब्युरेटरमध्ये आणि प्लगच्या भोकात आफ्टर-रन तेलाचे, म्हणजे खेळानंतर गंज रोखण्यासाठी घालायच्या तेलाचे, चार-पाच थेंब सोडावेत व इंजिन दोन-तीन वेळा फिरवावे. मिथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते आणि पावसाळ्यात आठवडाभरात बेअरिंगला गंज चढतो.

शेवटी वेगाविषयी. रेव्होचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो आणि त्याचे वजन चार किलोंच्या आसपास आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने तो धडकला, तर चौथ्या मजल्यावरून चार किलोंचा दगड पडल्याइतका आघात होतो. मैदानात लहान मुले किंवा गुरे असतील तेव्हा ट्रक बाहेर काढू नये. आधी रिमोट सुरू करावा, मग ट्रकचा रिसीव्हर, आणि बंद करताना आधी रिसीव्हर, मग रिमोट. रिसीव्हरच्या बॅटऱ्या दर खेळापूर्वी तपासाव्यात, कारण त्या उतरल्या आणि थ्रॉटल उघडा राहिला तर ट्रकवर कुणाचाच ताबा राहत नाही. रिमोटशी संपर्क तुटला की ट्रक आपोआप थांबवणारी फेलसेफची सोय आहे का, ते मामाने विकत घेतानाच पाहावे.

प्रश्न : नायट्रोऐवजी पेट्रोलवर चालणारा मोठा ट्रक घेतला, तर इंधनाची अडचणच मिटणार नाही का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : इंधनापुरती मिटते. एक-पंचमांश मापाच्या या गाड्यांत २३ ते २६ सीसीचे इंजिन असते, त्यात पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळून घालतात आणि ठिणगीचा प्लग असल्याने सुया जुळवण्याचे काम पुष्कळ कमी होते. मात्र गाडी दहा किलोंच्या आसपास जाते, सुटे भाग महाग असतात आणि तिला लागणारी जागा फार मोठी असते. मोकळे शेत किंवा माळरान हाताशी असेल आणि चालवणारा प्रौढ असेल, तरच ती पहिली गाडी म्हणून घ्यावी.

प्रश्न : एक ओळखीचे गृहस्थ त्यांचा जुना एचपीआय सॅव्हेज ट्रक स्वस्तात द्यायला तयार आहेत. इंजिन ‘नुकतेच उघडून नवे केले आहे’ असे ते म्हणतात. खात्री कशी करावी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उघडून नवे केल्याची खात्री शब्दांवर करू नये, ती हाताने करावी. इंजिन थंड असताना, प्लग बसवलेला ठेवून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचे जड चाक, बोटांनी फिरवावे. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचताना स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. तो तिथून सहज घसरत निघून गेला, तर स्लीव्ह झिजली आहे, आणि असे इंजिन गार असताना कदाचित सुरू होते पण तापले की मंद गतीवर टिकत नाही. म्हणून दुसरी परीक्षा गरम इंजिनाची घ्यावी : दहा मिनिटे चालवून बंद करावे आणि लगेच पुन्हा सुरू करायला सांगावे. प्लग काढून भोकातून टॉर्चच्या प्रकाशात गंजाचे तांबूस डाग दिसतात का, ते पाहावे. हवेच्या गाळणीचा स्पंज काढून कार्ब्युरेटरच्या तोंडाशी बोट फिरवावे. बोटाला धूळ लागली, तर ती आतही गेलेली आहे असे धरून चालावे.

पहिलाच ट्रक असेल तर माझा कल नव्याकडे आहे. शिकणाऱ्याला सुई चुकली आहे की इंजिन झिजले आहे, हा फरक सुरुवातीला ओळखता येत नाही आणि जुन्या ट्रकमध्ये दोन्ही दोष एकाच वेळी असू शकतात. तरीही किंमत मोहात पाडणारी असेल, तर पिस्टन-स्लीव्हच्या नव्या जोडीची किंमत आधी विचारून घ्यावी, ती मागितलेल्या रकमेत मिळवावी आणि मगच तो सौदा स्वस्त आहे की नाही ते ठरवावे.