सेटलमेंट वर्करकडे जायला एवढा उशीर का?

या वेळच्या पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसली. बहुतेकांनी महिनोन्‌महिने व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारून पाहिलं, ओळखीपाळखीत चौकशी केली आणि सगळं थकल्यावर मला लिहिलं. मी कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या पील भागात सेटलमेंट वर्कर आहे, म्हणजे नव्याने आलेल्या कुटुंबांना मार्गदर्शन करण्याचं काम करते, आणि आपल्या लोकांचा हा उशीर मला रोज दिसतो. पत्र पाठवणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : ताई, आम्ही पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) घेऊन पुण्याहून मिसिसागाला आलो. बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो. चार महिने अर्ज करतोय, पण मुलाखतीचे फोन आले ते दोनच. बायको म्हणते, सेटलमेंट एजन्सीत जाऊन ये. पण त्या संस्था निर्वासितांसाठी असतात ना? आम्ही स्वतःची पुंजी घेऊन आलोय, कुणा गरजूची जागा अडवायची नाही.

तुमच्या बायकोचं ऐका, आणि याच आठवड्यात जा. या सेवांचा बहुतांश खर्च केंद्र सरकारचं इमिग्रेशन खातं, म्हणजे आयआरसीसी, करतं. निर्वासित म्हणून संरक्षण मिळालेल्यांना त्या मिळतात, तशाच तुमच्यासारख्या पीआरधारकांनाही मिळतात, आणि त्यासाठी एक पैसाही द्यावा लागत नाही. नागरिकत्व घेतलं की मात्र केंद्राच्या पैशांवर चालणाऱ्या या सेवा बंद होतात. म्हणून ‘गरज पडली तर बघू’ म्हणत बसू नका. गरज सगळ्यात जास्त असते ती पहिल्याच वर्षी.

या संस्था कुणी उभ्या केल्या तेही सांगते, म्हणजे संकोच जाईल. टोरंटोच्या ‘कॉस्टी’ची मुळं १९५२ मध्ये इटलीहून आलेल्या मजुरांना मदत करणाऱ्या त्यांच्याच बांधवांपर्यंत जातात. व्हँकुव्हरची ‘सक्सेस’ १९७३ मध्ये चिनी स्थलांतरितांसाठी सुरू झाली. आपल्या पीलमधली ‘इंडस’ पूर्वी ‘इंडिया रेनबो’ या नावाने ओळखली जायची. आधी आलेल्यांनी मागून येणाऱ्यांसाठी केलेली ही सोय आहे. तिथे जाण्यात कमीपणा कसला?

पहिल्या भेटीला पीआर कार्ड किंवा कॅनडात उतरताना मिळालेले लँडिंगचे कागद, आणि तुमचा रेझ्युमे घेऊन जा. तासाभराच्या बोलण्यात समोरचा माणूस घर, नोकरी, मुलांची शाळा, डॉक्टर, बँक असं सगळं विचारून घेईल आणि काय आधी, काय नंतर, याचा आराखडा करून देईल. रेझ्युमेवर बहुतेक तिथेच पेन चालेल. आपल्याकडून येणारे रेझ्युमे मी रोज बघते. वर फोटो, खाली जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, मग पाच पानं प्रोजेक्टची यादी. इथे यातलं पहिलं सगळं काढून टाकायचं आणि मजकूर दोन पानांत बसवायचा. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ‘टीमने केलं’ असं न लिहिता तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहायचं. हे आपल्याला जड जातं, स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं वाटतं. तरीही लिहा.

दुसरं म्हणजे मेंटॉर मागा. टोरंटो परिसरात ‘ट्रायेक’ ही संस्था तुमच्याच क्षेत्रातल्या, इथे रुळलेल्या माणसाशी जोडी लावून देते. तो नोकरी लावून देत नाही, पण कुठल्या पदासाठी अर्ज करणं फुकट आहे हे तो एका संध्याकाळी सांगून टाकतो. ‘कॅनेडियन एक्स्पीरियन्स’ची, म्हणजे कॅनडातच काम केल्याचा अनुभव हवा या अटीची, भीती किती बाळगायची, तेही सांगते. ऑन्टॅरिओत १ जानेवारी २०२६ पासून पंचवीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत ही अट घालता येत नाही. मुलाखत घेणाऱ्याचं मन कायद्याने एका दिवसात बदलणार नाही, पण निदान जाहिरात वाचून तुम्ही स्वतःच मागे सरू नका.

आणि मूल शाळेत जात असेल तर शाळेच्या ऑफिसात विचारा. पुष्कळ शाळांत नवागत कुटुंबांसाठी सेटलमेंट वर्कर येतात. मधल्या सुट्टीत मुलगा एकटा बसतो, हे बऱ्याचदा आईबापांच्या आधी त्यांनाच कळतं.

प्रश्न : मी कोल्हापूरला आठ वर्षं स्टाफ नर्स होते. इथे ब्रॅम्प्टनला वृद्धाश्रमात पीएसडब्ल्यूचं, म्हणजे निगा राखणाऱ्या मदतनीसाचं, काम करते. आधी घर सावरू, मग नर्सिंगचं बघू, असं ठरवलं होतं. आता दोन वर्षं झाली.

वृद्धांची सेवा करताय, हे काम मोलाचं आहे. पण तुमच्या बाबतीत घड्याळ चालू आहे, आणि ते कुणी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. ऑन्टॅरिओत नर्सची नोंदणी ‘कॉलेज ऑफ नर्सेस’ (हे शिकवणारं कॉलेज नव्हे, नोंदणी करणारी संस्था) करतं, आणि अलीकडच्या काळात नर्स म्हणून काम केल्याचा पुरावा मागतं. पीएसडब्ल्यूचे तास त्यात धरले जात नाहीत. म्हणजे जितकं थांबाल तितका कोल्हापूरचा अनुभव जुना होत जाणार.

यावर एक चांगला मार्ग २०२२ पासून आहे. कॉलेज आणि ऑन्टॅरिओ हेल्थ मिळून इथल्या रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत देखरेखीखाली काम करण्याची संधी देतात. त्यातून अलीकडच्या अनुभवाची आणि भाषेची अशा दोन्ही अटी पूर्ण करता येतात. मात्र त्याआधी तुमचा अर्ज कॉलेजकडे दाखल झालेला लागतो. म्हणून सुरुवात अर्जापासून.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते भारतातले कागद. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून पडताळणी थेट तपासणाऱ्या संस्थेकडे जावी लागते, तुम्ही पाठवलेली प्रत चालत नाही. तुम्ही जिथे शिकलात त्या कॉलेजच्या मार्कांचंही तसंच. तिकडे कुणी भाऊ, मैत्रीण, जुनी सहकारी असेल तर तिला अधिकारपत्र देऊन पाठपुरावा करायला सांगा, कारण इथून केलेल्या ईमेलवर फाईल हलेल याचा भरवसा नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावाही सोबत जोडा. नावातल्या फरकामुळे अडकलेले अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत.

हे एकटीने करू नका. परदेशात शिकलेल्या नर्सेससाठी ऑन्टॅरिओत ‘केअर सेंटर’ आहे. तिथे तुमची फाईल सांभाळणारी व्यक्ती, परीक्षेची तयारी आणि कामाच्या ठिकाणची भाषा, हे सगळं मिळतं. तुम्ही जीएनएम केलंय की बीएस्सी, हे पत्रात लिहिलेलं नाही. त्यानुसार मार्ग बदलू शकतो, आणि नियमही अलीकडे बरेच बदललेत. मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी जे केलं ते प्रमाण न मानता आजचे नियम बघा.

प्रश्न : माझी आई सुपर व्हिसावर (आईवडील, आजी-आजोबांसाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा) आमच्याकडे आलीय. आम्ही दोघं कामावर, नातू डे-केअरला. ती दिवसभर खिडकीत बसते. तिला इंग्रजीच्या सरकारी वर्गात घालता येईल का?

नवागतांसाठीचे मोफत ‘लिंक’ हे इंग्रजीचे सरकारी वर्ग तिला मिळणार नाहीत. सुपर व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण ती इथे पाहुणीच धरली जाते. पीआर नसल्याने ओहिप, म्हणजे प्रांताचा सरकारी आरोग्यविमा, नाही. म्हणून सुपर व्हिसासाठी लागतो तो किमान एक लाख डॉलरचा खाजगी विमा. त्याचं नूतनीकरण चुकवू नका.

पण सगळी दारं बंद नाहीत. जवळच्या लायब्ररीत इंग्रजी गप्पांचे गट चालतात का, बघा. तिथे बहुधा व्हिसा कुणी विचारत नाही. आणि नातवाला आठवड्यातले दोन दिवस घरी ठेवता आलं तर आजी-नातू मिळून ‘अर्लीऑन’ केंद्रात जाऊ शकतात. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही केंद्रं मोफत आहेत आणि आजी-आजोबांचं तिथे स्वागत असतं. तिथे पंजाबी, तमिळ, गुजराती आज्या भेटतील, आणि मोडक्या हिंदीत त्यांची मैत्री जमते. मराठी मंडळाचे कार्यक्रम आहेतच, पण ते सणावारी. आईला हवाय तो मंगळवार दुपारचा आधार. एका शनिवारी तिच्यासोबत बसने जा आणि परत या, पुढच्या शनिवारी तिला पुढे चालू द्या. आपली आपण बस पकडता आली की माणूस खिडकीतून उठतो.

प्रश्न : (नाव, गाव छापू नये) नवऱ्याने स्पॉन्सर करून मला आणलं. मला पीआर मिळालंय. तो हात उचलतो. म्हणतो, मला सोडलंस तर सरकार तुला परत पाठवेल आणि मुलगी माझ्याकडे राहील. पासपोर्टही त्याच्याकडेच आहे.

तो खोटं सांगतोय. पीआर तुमचं आहे. ते त्याला काढून घेता येत नाही, आणि वेगळं राहिल्यामुळे तुमची परत रवानगी होत नाही. जोडीदाराने दोन वर्षं एकत्र राहिलंच पाहिजे अशी अट पूर्वी होती. ती २०१७ मध्ये रद्द झाली. उलट, स्पॉन्सर म्हणून त्याने तुमच्या खर्चाची तीन वर्षांची हमी लिहून दिलेली असते, आणि तुम्ही वेगळ्या झालात तरी ती संपत नाही. मुलीचा ताबा कुणाकडे हे न्यायालय तिच्या हिताने ठरवतं, त्याच्या धमकीने नाही.

आता काय करायचं. जिवाला धोका वाटला त्या क्षणी ९११. ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ एवढा एक शब्द बोललात तरी दुभाषी जोडून देतात. तातडी नसेल तर ‘असॉल्टेड विमेन्स हेल्पलाइन’ चोवीस तास चालते आणि अनेक भाषांत बोलते. किंवा २११ या माहितीच्या फोनसेवेला फोन लावा, जवळचा निवारा आणि संस्था कुठल्या ते सांगतील. तो तुमचा फोन तपासत असेल तर हे फोन लायब्ररीतून किंवा एजन्सीतून करा. मुलीच्या लसीकरणाची चौकशी करायला गेले होते, एवढं कारण घरी पुरतं. लीगल एड ऑन्टॅरिओकडून अशा प्रकरणांत वकिलाचा मोफत सल्ला मिळू शकतो.

मुलीचा जन्मदाखला, पीआर कार्ड, सिन नंबर (नोकरी आणि करासाठीचा सरकारी क्रमांक), बँकेचे कागद हाती लागतील तसे फोटो काढून ठेवा, पण तुमच्या फोनमध्ये नाही, विश्वासातल्या माणसाकडे. पासपोर्टसाठी घरी एकटीने भांडू नका. बाहेर पडल्यावर पोलिसांना सोबत घेऊन सामान आणता येतं. आणि मुलीला घेऊन थेट भारतात जायचा विचार असेल तर आधी वकिलाशी बोला. घाईने केलेली ती गोष्ट ताब्याच्या प्रकरणात तुमच्याच विरुद्ध वापरली जाऊ शकते.

सेटलमेंट वर्कर तुमचं बोलणं नवऱ्याला, मंडळातल्या कुणाला किंवा सासरी कळवत नाही. एक अपवाद आधीच सांगते, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटणार नाही. मुलीला धोका आहे असं वाटलं तर बालसंरक्षण संस्थेला कळवणं आम्हाला कायद्याने भाग असतं. त्यांचं नाव ऐकून घाबरू नका, तुम्ही स्वतः मदत मागायला आलात ही गोष्ट तुमच्या बाजूची असते. कृपया वाट बघू नका.

एक खुलासा बाकीच्यांसाठी : पीआरचा अर्ज अजून मंजूर व्हायचा असेल तर नवरा तो मागे घेऊ शकतो. पण कौटुंबिक हिंसाचार सोसणाऱ्यांसाठी विनाशुल्क तात्पुरत्या परवान्याची सोय आहे. तेव्हाही आधी वकील गाठा.

प्रश्न : मी स्टुडंट आहे, ब्रॅम्प्टनला. हॉटेलवाला तासाला दहा डॉलर कॅश देतो. नवीन बेसमेंटचा मालक पाचशे डॉलर ‘डॅमेज डिपॉझिट’ मागतोय.

दोन्ही बेकायदेशीर आहेत, बाळा. ऑन्टॅरिओत किमान वेतन १ ऑक्टोबर २०२५ पासून तासाला १७.६० डॉलर आहे, आणि कॅश दिली म्हणून ते कमी होत नाही. श्रम मंत्रालयाकडे तक्रार करायला पैसे लागत नाहीत आणि बुडालेल्या पगारासाठी दोन वर्षांची मुदत असते. फक्त, सत्र चालू असताना स्टुडंटना परवानगी असलेल्या आठवड्याच्या २४ तासांपेक्षा जास्त काम झालं असेल तर तक्रारीआधी कम्युनिटी लीगल क्लिनिकमध्ये जा. तिथला सल्ला मोफत असतो. मालकाला शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ मागता येतं, डॅमेज डिपॉझिट नाही. पण किचन किंवा बाथरूम मालकासोबत वापरायचं असेल तर भाडेकरूंचा कायदा तुला लागू होत नाही. म्हणून आधी ते बघ. केंद्राची सेटलमेंट सेवा तुला नाही, पण २११ आणि कॉलेजचं इंटरनॅशनल ऑफिस तुझंच आहे.

प्रश्न : मी सावंतवाडीची. माझे यजमान गोवेकर, पण जन्म कंपालाचा. १९७२ मध्ये इदी अमीनने हाकललं तेव्हा आईवडिलांसोबत कॅनडात आले. आता निवृत्त झालेत आणि म्हणतात, एखादं निर्वासित कुटुंब आपण आणूया. कसं करायचं?

वाचून फार बरं वाटलं. युगांडातल्या आशियाई लोकांना घेऊन पहिलं विमान २८ सप्टेंबर १९७२ ला मॉन्ट्रियलला उतरलं, तेव्हा खाजगी स्पॉन्सरशिप नव्हती. ती १९७९ मध्ये व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून आलेल्यांसाठी जोरात सुरू झाली, आणि त्या कामासाठी १९८६ मध्ये कॅनडाच्या जनतेला नानसेन पदक, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा निर्वासितांसाठीच्या कामाचा सन्मान, मिळालं.

पाच जणांनी मिळून कुटुंब आणायचा जो मार्ग तुम्ही ऐकला असेल, त्याचे नवे अर्ज सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरअखेर थांबवले. चर्च आणि इतर करारबद्ध संस्थांचा मार्ग वेगळा आहे, त्यांच्या कोट्यातून. यजमान ज्या चर्चमध्ये जातात तिथे पहिली चौकशी करा. स्पॉन्सर बारा महिन्यांचा खर्च आणि सोबत, दोन्हीची जबाबदारी घेतो, याचा हिशेब आधीच मांडा.

पण कुटुंब आणण्याइतकीच गरज आलेल्यांना सोबत देण्याची आहे. सरकारने आणलेल्या निर्वासितांना साधारण एक वर्ष मदत मिळते. आमच्या कामात ‘तेरावा महिना’ म्हणतात तो त्यानंतरचा, आधार संपतो तेव्हाचा. प्रवासाचं कर्ज फेडायचं असतं, ते बिनव्याजी असलं तरी कर्जच. भाडं तेवढंच, आणि प्रांताच्या मदतीचे फॉर्म इंग्रजीत. तेव्हा आठवड्यातून एक संध्याकाळ येणारं माणूस फार मोठा आधार असतो. कुठल्याही सेटलमेंट संस्थेत स्वयंसेवक म्हणून नाव द्या. पोलीस पडताळणी लागेल, तिला थोडा वेळ जातो. आणि अर्जात भाषांच्या रकान्यात इंग्रजी, कोकणीवर थांबू नका. काँगोतून पळालेली आणि वर्षानुवर्षं युगांडाच्या छावण्यांत काढलेली कुटुंबं इथे येतात, आणि त्यांतले बरेच जण स्वाहिली बोलतात. यजमानांना लहानपणची थोडीफार स्वाहिली आठवत असेल, तर तीही लिहा.