डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन खेळायच्या खेळात दोघांनी आळीपाळीने डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा) व्हायचं आणि स्वतःचं कॅरॅक्टरही खेळायचं, हे जमतं का?

जमतंय की. तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणे बेळगावात पाच जणांचा गट, पाचव्या आवृत्तीची (२०१४ची) पुस्तकं, सगळे तिसऱ्या लेव्हलवर. फक्त 'एक रविवार तू, एक रविवार मी' ही वाटणी सोडा. त्यात पहिल्याने पेरलेला धागा दुसरा नकळत तोडतो, आणि ज्याला उत्तर ठाऊक आहे तो खेळताना एकतर गप्प बसतो, नाहीतर फोडून टाकतो.

वार नको, मुलूख वाटून घ्या. नकाशा घरचाच घेतला तर सोपं पडतं: मलप्रभेकडचं खानापूर, भीमगडचं रान आणि हलशी एकाकडे, घटप्रभा आणि गोकाकचा धबधबा दुसऱ्याकडे, बेळगावचा किल्ला नि बाजारपेठ सामाईक. आपल्या मुलखातलं गुपित दुसऱ्याला सांगायचं नाही. त्याच्या मुलखातला सरदार त्याला न विचारता मारायचा नाही. डीएमची खुर्ची बदलायची ती एक मोहीम संपल्यावर, म्हणजे साधारण तीन-चार सेशननी, आणि सामाईक गावात लाँग रेस्ट (खेळातली रात्रभराची विश्रांती) झाल्यावरच. गुहेच्या मधोमध बदललात तर एक कॅरॅक्टर गायब कसं झालं आणि दुसरं उगवलं कुठून, याचा खुलासा करण्यातच अर्धा तास जातो.

डीएम असताना तुमचं कॅरॅक्टर बाजारात ठेवा: आजारी, उधारीत अडकलेलं, काहीही. सोबत नेलंत तर सापळा कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं, आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधतात. मग ते गप्प राहिलं तरी इशारा, बोललं तरी इशारा.

डीएमचं कॅरॅक्टर बाजूला, म्हणजे लढायला उरले चौघे. त्या चार जणांवर लढाई बेतताना आकडे नव्याने मांडा. तिसऱ्या लेव्हलला मध्यम लढाईचा हिशेब माणशी १५० एक्सपी (अनुभवाचे गुण), म्हणजे पाच जणांना ७५०, चौघांना ६००. सहा गॉब्लिन (छोटे राक्षस) म्हणजे ३००, संख्येमुळे नियमाने दुप्पट, बरोबर ६००. पाच जणांसाठी लिहिलेली मोहीम तशीच चालवली की चौघे मार खातात. त्यातून गटातला एकमेव क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा पुजारी) डीएमचाच असेल तर आणखी पंचाईत; प्रत्येकाला हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध; २डी४+२, म्हणजे चार बाजूंचे दोन फासे अधिक २) आधीच मिळेल असं बघा. खरं तर क्लेरिक तुम्हा दोघांपैकी कुणी घेऊच नये.

लेव्हल माइलस्टोनने (गोष्टीतला टप्पा गाठला की), सगळ्यांची एकदम. एक्सपी मोजत बसलात तर जो जास्त वेळा डीएम होतो तोच मागे पडतो. आपण ठेवलेल्या खजिन्यातली जादूची वस्तू आपल्या कॅरॅक्टरला नाही, सोन्याचा वाटा मात्र चालेल. यावरून भांडणं होतात, म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलून घ्या.

नियमाचा वाद निघाला तर खुर्चीत बसलेल्याचा शब्द शेवटचा. दुसऱ्या डीएमने मध्ये पुस्तक उघडायचं नाही. सेशन संपल्यावर बोला आणि जे ठरेल ते सामाईक वहीत लिहा. त्याच वहीत खेळातली तारीख, कोण मेलं, कुणाला काय वचन दिलं आणि कुणाकडे कोणती वस्तू आहे, एवढं हवंच. यातलं वचन हमखास राहून जातं.