मैफलीला जाताना: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

दिवाळीपासून संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत सोलापुरात गाण्याच्या कार्यक्रमांचा हंगाम असतो. या महिन्यातल्या पत्रांमध्ये त्याविषयीचेच प्रश्न जास्त होते. त्यातले सहा इथे घेतले आहेत.

प्रश्न: नाट्यगृहात पहिल्या रांगेचं महागडं तिकीट काढलं, तरी गाण्याचे शब्द नीट कळले नाहीत. मागे बसलेल्या ओळखीच्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलं. असं का होतं? – जुळे सोलापूर

पहिल्या रांगेतून कलाकार छान दिसतो, पण गाणं तिथे अर्धवटच पोचतं. मुख्य स्पीकर रंगमंचाच्या दोन कडांना, बहुतेकदा उंचावर असतात आणि त्यांचा रोख मधल्या व मागच्या रांगांकडे असतो. पुढच्या दोन-तीन रांगा त्या झोताच्या खाली राहतात. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्याच्या पायाशी मॉनिटर नावाचे छोटे स्पीकर ठेवलेले असतात. त्यांची पाठ प्रेक्षकांकडे, म्हणून पुढच्या रांगेला त्यांचा घुमणारा आवाज तेवढा मिळतो. त्यात ढोलकी, ड्रम, ट्रम्पेट थेट अंगावर येतात. शब्द ओळखता येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे. ‘स’, ‘त’, ‘च’ यांचा ध्वनी बारीक असतो आणि तो स्पीकरच्या तोंडासमोरच नीट मिळतो. बाजूला किंवा खाली बसणाऱ्याला स्वर ऐकू येतो, शब्द निसटतो.

तिकीट काढताना रंगमंचाच्या मध्यरेषेजवळची, साधारण सहाव्या ते बाराव्या रांगेतली खुर्ची मागा. एकदम कडेची खुर्ची टाळा, तिथे एकाच बाजूचा स्पीकर कानात भरतो. बाल्कनी असलेल्या सभागृहात बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगाही नकोत. वरून येणारा आवाज तिथे अडतो आणि खर्ज साचून राहतो. पैसे वाचवायचे असतील तर त्यापेक्षा बाल्कनीची पहिली रांग केव्हाही चांगली.

मैदानातल्या कार्यक्रमात युक्ती सोपी आहे. साउंडवाल्याचं मिक्सरचं टेबल शोधा आणि त्याच्या जवळपास बसा. तो जे ऐकतो त्यावरूनच सगळ्या मैदानाचा आवाज जुळवत असतो. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ६८ मीटरवर बसलेल्याला टाळी दिसते आणि ०.२ सेकंदानं ऐकू येते. मोठ्या मैदानात मध्येच दुसरे स्पीकर उभे करतात, त्यांचा आवाज याच हिशेबानं मुद्दाम उशिरा सोडावा लागतो. ते केलेलं नसेल तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. अशा वेळी मधल्या स्पीकरच्या पुढे, रंगमंचाच्या बाजूला सरका.

आपल्याकडच्या हवेचाही यात वाटा आहे. दुपारी तापलेल्या जमिनीलगतची हवा गरम असते, त्यामुळे ध्वनी वर वळतो आणि मागच्यांना कमी ऐकू येतं. सूर्यास्तानंतर जमीन निवते, खालची हवा थंड होते आणि ध्वनी खाली वळतो. पाच वाजता आवाज तपासून ठेवलेला कार्यक्रम नऊ वाजता मागे बसलेल्यांना मोठा वाटतो, तो यामुळे. जानेवारीच्या रात्री लांबचा कार्यक्रम घराच्या गच्चीवर ऐकू येतो त्याचंही कारण हेच.

शब्द कळत नसतील तर ‘आवाज वाढवा’ असं ओरडू नका. आवाज वाढवला की माइक तो स्पीकरमधून पुन्हा उचलतो, स्पीकर तो पुन्हा फेकतो आणि शिट्टी वाजते. दोन गाण्यांच्या मध्ये कार्यकर्त्याला गाठून नेमकं सांगा: ‘डावीकडे पंधराव्या रांगेत शब्द कळत नाहीत, एको जास्त आहे’ किंवा ‘खर्ज फार येतोय’. असं सांगितलं तर साउंडवाल्याला लगेच हात घालता येतो.

प्रश्न: ऑर्केस्ट्रा ऐकून आल्यावर रात्रभर कानात सूंऽऽ असा आवाज येत राहिला. काळजीचं आहे का? लहान मुलांना न्यावं का? – होटगी रस्ता

काळजी घ्यायलाच हवी. ८५ डेसिबलला ८ तास ही सर्वसाधारण सुरक्षित मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला १५ मिनिटं. मोठ्या स्पीकरसमोर १०० सहज ओलांडतात. मोबाइलवरचं आवाज मोजणारं अॅप अंदाजापुरतं वापरा. त्याहून सोपी खूण म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर जागा बदला.

औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. नीट बसवले नाहीत तर त्यांचा उपयोग नाही. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून घेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद बोटानं धरून ठेवायचा. बाहेरून अर्धा दिसत असेल तर तो बसलेला नाही. कापूस घालून आवाज फारसा अडत नाही. लहान मुलांच्या कानात बोळे घालू नका. त्यांना हेडफोनसारखे बाहेरून झाकणारे कानरक्षक लावा आणि स्पीकरपासून लांब बसवा. तान्ह्या बाळाला नेऊच नये.

सूंऽऽ आवाज दिवसभरात थांबला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानानं अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी जा. त्यात उशीर झाला की उपचारांचा गुण कमी येतो.

प्रश्न: शास्त्रीय गायनाला पहिल्यांदाच जाणार आहे. कधी टाळी वाजवायची, कधी आत-बाहेर करायचं, काहीच माहीत नाही. – बार्शी

वेळेआधी १५ मिनिटं पोचा. तानपुरे जुळताना ऐकणं हा मैफलीचाच भाग आहे. तबलजी हातोडीनं गट्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) आणि गजरा (पुडीभोवतीची चामड्याची वेणी) ठोकताना दिसेल. चाट (पुडीची कड) आणि मैदान (कड आणि शाई यांमधला भाग) गायकाच्या षड्जाशी, म्हणजे ‘सा’शी, सगळीकडून सारखी बोलेपर्यंत तो तबला फिरवत राहतो. वातानुकूलित सभागृहात वाद्यांवर थंड झोत आला की तारा उतरतात-चढतात, म्हणून मधेच पुन्हा जुळवावं लागतं. त्या वेळी गप्पा सुरू करू नयेत, गायकाचा कानही तिथेच लागलेला असतो.

सुरुवात बहुधा विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालानं होते, पुष्कळदा एकतालात. १२ मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, इतकं संथ चालतं की कधीकधी पाऊण ते एक मिनिट लागतं. बोटावर मात्रा मोजत बसलात तर गाणं हातून जाईल. बंदिशीचा मुखडा, म्हणजे समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आणून सोडणारा पहिला तुकडा, तेवढा लक्षात ठेवा. आलाप कितीही लांब गेला तरी गायक त्या मुखड्याकडे परततो आणि त्यातलं ठरलेलं अक्षर समेवर पडतं. तीन-चार आवर्तनं ऐकलीत की सम आधीच जाणवू लागेल. नंतरच्या द्रुत (जलद) बंदिशीत हे आणखी सोपं जातं. तिथे १६ मात्रांचा तीनताल असेल तर १, ५ आणि १३ वर टाळी, ९ वर काल, म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायचा.

दाद म्हणजे टाळीच असं नाही. चांगल्या जागेला हलकंच ‘वा’ म्हणा, मान डोलवा. टाळ्या राग संपल्यावर. मांडीवर जोरात ताल धरला की शेजाऱ्याचं लक्ष उडतं. उठायचं तर दोन रागांच्या मधे, आणि भैरवी सुरू झाल्यावर अजिबात नाही. परंपरेनं मैफल भैरवीनं संपते. पार्किंगच्या गर्दीपायी तेवढीच चुकवणारे पाहिले की वाईट वाटतं.

प्रश्न: पूर्व भागातल्या तेलुगूभाषक शेजाऱ्यांनी कर्नाटक संगीताच्या कार्यक्रमाला बोलावलंय. आम्हाला कळेल का? – साखर पेठ

जरूर जा. सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येतात, ही संधी दुसऱ्या गावांना सहज मिळत नाही. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या बहुतेक कृती, म्हणजे गीतरचना, तेलुगूत आहेत. ठरलेल्या दोन-तीन कृतींचा अर्थ आधीच शेजाऱ्यांना विचारून घ्या, ऐकण्यात मोठा फरक पडेल.

इथे एकच राग तासभर चालत नाही. सुरुवातीला वर्णम हा ठरीव रचनेचा प्रकार, मग एकामागून एक कृती, मधे एक मोठी रचना. तिच्यात आधी रागाचा आलाप, मग एकच ओळ वेगवेगळ्या तऱ्हांनी फुलवणारं निरवल, मग सरगमचे कल्पनास्वर. साथीला व्हायोलिन आणि मृदंगम, कधी घटम (मातीचा घडा) किंवा खंजिरीही. मोठ्या रचनेच्या शेवटी तालवाद्यांचं स्वतंत्र वादन होतं, त्याला तनि आवर्तनम म्हणतात. चहासाठी तेव्हाच उठणारे पुष्कळ असतात. तुम्ही बसून राहा, तालाची खरी करामत तिथेच आहे.

इकडे हातानं ताल धरणं गैर नाही, श्रोते सर्रास धरतात. आदि ताल ८ मात्रांचा: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट मोजायचं, या झाल्या चार. पुढे टाळी, हात उलटा. टाळी, हात उलटा. घरी दहा मिनिटं सराव पुरतो. एक गोष्ट गोंधळात टाकते. पुष्कळ कृती पहिल्या टाळीवर सुरू न होता अर्धी किंवा दीड मात्रा सोडून उचलल्या जातात. आपलं चुकतंय असं समजून हात थांबवू नका. मंगलम या समारोपाच्या रचनेपर्यंत जागेवरून उठायचं नाही, एवढं पाळा.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर कार्यक्रमांचे अनुभव लिहितो. ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय’ यापलीकडे काही सुचत नाही. सोबत रेकॉर्डिंग टाकलं तर चालेल का? – विजापूर रस्ता

‘अप्रतिम’ वाचून न आलेल्या माणसाला काहीच मिळत नाही. त्याला हवं असतं ते असं: ‘यमनचा बडा ख्याल विलंबित एकतालात, सुमारे ४० मिनिटं. पहिली १५ मिनिटं मंद्र सप्तक आणि गंधारापर्यंतच. तीव्र मध्यम राखून ठेवला होता, तो लागला तेव्हा सभागृह एकदम हललं. द्रुतमध्ये हार्मोनियमनं तानेची शेपटं नेमकी उचलली.’ यात स्तुतीचा एकही शब्द नाही, तरी मैफल कशी रंगली ते कळतं.

त्यासाठी खिशात छोटी वही आणि पेन्सिल ठेवा. मोबाइलच्या उजेडानं मागच्यांना त्रास होतो. प्रत्येक रचनेला चार-पाच शब्द पुरेत: राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, सुरू आणि संपल्याची वेळ, लक्षात राहिलेली एक जागा. राग ओळखू आला नाही तर बंदिशीचे शब्द तेवढे लिहा. मध्यंतरात बाहेर जाऊन मुखडा मोबाइलमध्ये गुणगुणून ठेवा आणि जाणकाराला ऐकवा. अंदाजानं रागाचं नाव ठोकून देऊ नका. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच, चलन (स्वरांची चाल) वेगळं. अशा जोड्यांत हमखास फसगत होते. साथीदारांची नावं गळतात, ती निवेदनाच्या वेळीच टिपा. वही त्याच रात्री उघडून नीट लिहून काढा. दुसऱ्या दिवशी क्रम विसरलेला असतो.

कुठे बसला होता हेही लिहा. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे जागेनुसार आवाज बदलतो. ‘गायकाचा आवाज दबला होता’ असं बाल्कनीखालच्या खुर्चीतून लिहिणं हा कलाकारावर अन्याय आहे.

रेकॉर्डिंगबद्दल: कॉपीराइट कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क दिलेला आहे. फक्त स्वतः ऐकण्यासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला सवलत आहे. ते ग्रुपवर टाकणं किंवा चॅनेलवर चढवणं त्यात बसत नाही, त्यासाठी कलाकाराची परवानगी लागते. आयोजकांनी मनाई केली असेल तर स्वतःपुरतंही करू नये. तसंही मोबाइल ते मुद्रण बिघडवतोच. हळू आवाज तो आपोआप वर ओढतो, मोठा दाबतो. गायकानं कष्टानं केलेला लहान-मोठा आवाज एकसारखा सपाट होतो, आणि स्पीकरजवळ खर्जाच्या मारानं फाटतो.

प्रश्न: पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला सोलापूरहून जायचं आहे. वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे. – मंगळवेढा

पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव डिसेंबरात असतो. वडिलांसाठी भारतीय बैठकीचं तिकीट काढू नका, खुर्चीचंच काढा, आणि जाहीर होताच काढा. कडेची खुर्ची आवाजासाठी चांगली नसते हे खरं, पण दर तासाला पाय मोकळे करायचे असतील तर त्यांच्यासाठी तीच सोयीची.

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाता येतं. परतीला मात्र ती उपयोगाची नाही, कारण ती संध्याकाळीच पुण्याहून निघते आणि महोत्सवातले मुख्य कलाकार साधारणपणे शेवटी गातात. ध्वनिक्षेपकाला एरवी रात्री १० ची मर्यादा आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सूट मिळते, त्यामुळे कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत आहे ते वेळापत्रकात पाहा. मुंबईहून येणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस मध्यरात्रीनंतर पुण्यात येते आणि सकाळी सोलापूरला पोचवते. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं आणि ही गाडी लवकर भरते. वडिलांसाठी खालचा बर्थ मागा. मांडवात रात्री गारठा असतो, म्हणून एक चादर अंगावर घ्यायला आणि एक घडी करून पाठीशी ठेवायला बरोबर असू द्या.