शीतनिद्रेतली ‘निद्रा’ कोठून आली?

प्रश्न : मुलीच्या विज्ञानाच्या अभ्यासात ‘शीतनिद्रा’ हा शब्द आला. इंग्रजीतल्या ‘हायबरनेशन’चा अर्थही झोप असाच आहे का? आणि आपल्याकडचे बेडूक हिवाळ्यात नव्हे, तर उन्हाळ्यात दिसेनासे होतात, ते कसे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘हायबरनेशन’ या शब्दात झोप मुळीच नाही. लॅटिनमध्ये ‘हिबर्नारे’ म्हणजे हिवाळा काढणे, आणि रोमन फौजा लढाईचा हंगाम संपल्यावर ज्या तळांवर थंडी घालवीत त्यांना ‘हिबर्ना’ म्हणत; मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करून राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा मोहिमेवर निघत, तशातलाच हा प्रकार. गंमत अशी की या लॅटिन शब्दाचे आणि आपल्या ‘हिम’, ‘हेमंत’ या शब्दांचे प्राचीन मूळ एकच मानले जाते. ‘हिम’चेच मराठी रूप ‘हिंव’, जे ‘हिवाळा’ आणि ‘हिवताप’ या शब्दांत आपण रोज वापरतो. वेदकाळी ‘हिम’ हा शब्द वर्ष मोजण्यासाठीही वापरीत. ऋग्वेदातील ‘शतं हिमाः’ म्हणजे शंभर हिवाळे, अर्थात शंभर वर्षे.

‘निद्रा’ ही मराठी पारिभाषिक शब्दातली भर आहे आणि ती थोडी फसवी आहे. लडाखच्या बाजूला आढळणारा हिमालयी मार्मोट हा खारीच्या कुळातला प्राणी थंडीचे महिने बिळात काढतो, तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान, हृदयाचे ठोके आणि श्वसन इतके मंदावते की त्याला झोप म्हणणे शास्त्राला धरून होत नाही. म्हणून काही लेखक ‘शीतनिष्क्रियता’ हा शब्द पसंत करतात. तो अचूक आहे, पण मुलांच्या तोंडी रुळेल असे मला वाटत नाही.

सोलापूरच्या बेडकांना त्रास थंडीचा नसून कोरडेपणाचा असतो. त्वचेतून पाणी उडून जाऊ नये म्हणून जमिनीत पुरून घेणारे बेडूक कोरडे महिने ओलसर मातीत निपचित राहतात; याला ‘ग्रीष्मनिद्रा’ म्हणतात. ऋग्वेदाच्या मंडूकसूक्तात पावसाने बोलते झालेल्या बेडकांना ‘संवत्सरं शशयानाः’, म्हणजे वर्षभर पडून राहिलेले, असे म्हटले आहे. यातला ‘शी’ हा धातूच पंढरपूरच्या आषाढीला मिळालेल्या ‘देवशयनी’ या नावात आहे, मात्र आपल्याकडे देव निजायला जातात त्याच सुमारास बेडूक जागे झालेले असतात.